दत्तक खेळाडू आणि यजमानांचा संघ

परदेशात जन्मलेल्या, तेथेच खेळ शिकलेल्या खेळाडूला आपले नागरिकत्व देऊन आपल्या संघात घ्यावे की नाही, हा प्रश्न वरकरणी क्रीडासंघटनांच्या कचेरीतला दिसतो. वस्तुतः तो आपल्या घरांतला जुना प्रश्न आहे. दत्तक घेतलेला मुलगा घरचा की परका, त्याचा हक्क कोणता आणि त्याचे कर्तव्य कोणते, यावरून आपल्याकडे थोडे वाद झालेले नाहीत. येवल्याला तर याची आठवण निराळी करून द्यावयास नको. येथे जन्मलेले तात्या टोपे १८५७ मध्ये ज्या नानासाहेब पेशव्यांच्या बाजूने लढले, ते नानासाहेब दुसऱ्या बाजीरावांचे दत्तक पुत्र होते. आणि बाजीरावांचे वर्षासन दत्तक पुत्राला देण्याचे कंपनी सरकारने नाकारले, हे त्यांचे मोठे गाऱ्हाणे होते. आज हाच वाद खेळाच्या मैदानावर उभा आहे. त्याची नीट फोड करून पाहावी, असे आम्हांस वाटते.

प्रथम एक दूरचे उदाहरण घेऊ. आइस हॉकी हा थंड प्रदेशातला खेळ. पोलादी पात्यांचे बूट घातलेले सहा-सहा खेळाडू बर्फाच्या मैदानावर काठीने रबराची चकती पळवितात. कॅनडा, रशिया, स्वीडन, फिनलंड या देशांत तो लहानपणापासून अंगात मुरतो. दक्षिण कोरियात बर्फ होते; पण या खेळाची तशी परंपरा नव्हती. २०१८ चे हिवाळी ऑलिंपिक त्या देशातील प्योंगचांग येथे ठरले, तेव्हा पेच पडला. यजमानांचा संघ स्पर्धेत असावा हे साहजिक. पण दर सामन्यात दहा-पंधरा गोल खाणारा यजमान कोणालाच शोभत नाही. कोरियाने तोड काढली. त्या देशातील क्लबांकडून खेळणाऱ्या कॅनडा व अमेरिकेच्या खेळाडूंना त्याने नागरिकत्व दिले. ऑलिंपिकसाठी निवडलेल्या पंचवीस जणांत असे सात जण होते. गोलरक्षक मॅट डाल्टन हाही मूळचा कॅनडाचाच. प्रशिक्षक जिम पेक यांची गोष्ट उलट दिशेची. ते सोलमध्ये जन्मले, कॅनडात वाढले, पिट्सबर्गच्या व्यावसायिक संघातून १९९१ व १९९२ असे दोनदा स्टॅन्ले चषक जिंकले, आणि २०१४ मध्ये जन्मभूमीच्या संघाला शिकवावयास परत आले.

याचे फळ काय मिळाले? २०१७ मध्ये कोरियाने प्रथमच जागतिक स्पर्धेच्या सर्वांत वरच्या गटात प्रवेश मिळविला. ऑलिंपिकमध्ये मात्र चारही सामने गेले. चेक संघाशी १-२, स्वित्झर्लंडशी ०-८, कॅनडाशी ०-४ आणि फिनलंडशी २-५. चेक संघाविरुद्धचा तो एक गोल कोरियाच्या पुरुष संघाचा ऑलिंपिकमधला पहिला गोल होय. तो केला चो मिन-हो या कोरियाच्याच खेळाडूने. त्याच वर्षी जागतिक स्पर्धेत सातही सामने हरून कोरिया पुन्हा खालच्या गटात गेला, आणि २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये हा संघ नव्हता. यावरून सारा खटाटोप व्यर्थ गेला, असे आम्ही म्हणणार नाही. चेकसारख्या संघाला एका गोलाच्या अंतरावर रोखून धरले, त्यात उरलेल्या अठरा कोरियन खेळाडूंचाही वाटा होता. आणि बलवानांबरोबर रोज सराव केल्याशिवाय ते बळ त्यांच्यात आले नसते. पण समारंभ संपल्यावर घरात काय उरले, या प्रश्नाचे उत्तर मात्र समाधानकारक नाही.

असे दत्तक घेण्याला कायद्याचा काही धरबंध आहे की नाही? आहे, पण खेळागणिक तो निराळा आहे. आइस हॉकीत नुसते नागरिकत्व पुरत नाही. पूर्वी दुसऱ्या कोणत्याच देशाकडून न खेळलेल्यालाही नव्या देशाच्या स्पर्धांत दोन वर्षे खेळून दाखवावे लागते; जो खेळलेला असेल त्याला चार वर्षे. फुटबॉलमध्ये नागरिकत्व हवेच, शिवाय जन्म, आईबाप किंवा आजी-आजोबा यांपैकी एखादा धागा त्या देशाशी जोडलेला हवा. तो नसेल तर वयाच्या अठराव्या वर्षानंतर आलेल्याला पाच वर्षांचा निवास हवा. क्रिकेट सर्वांत उदार. तेथे जन्म किंवा नागरिकत्व नसले, तरी सलग तीन वर्षांचा निवास पुरतो. थोडक्यात, एक खेळ विचारतो, ‘आमच्या मैदानावर किती दिवस खेळलास?’, दुसरा विचारतो, ‘तुझे आजोबा कोण?’; आणि तिसरा विचारतो, ‘राहतोस कोठे?’

क्रिकेटच्या या उदारपणामुळेच एका मराठी तरुणाचे नाव जगभर झाले. सौरभ नेत्रावळकर हा मुंबईचा डावखुरा जलदगती गोलंदाज. २०१० मध्ये तो भारताच्या एकोणीस वर्षांखालील संघातून विश्वचषक खेळला. त्या स्पर्धेत पाकिस्तानने भारताला हरविले. पुढे मुंबईकडून एक रणजी सामना त्याच्या वाट्याला आला. संगणक अभियंता झालेला हा तरुण २०१५ मध्ये पुढील शिक्षणासाठी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात गेला, तेथेच नोकरीला लागला, आणि सुट्टीच्या दिवशी पुन्हा चेंडू हाती घेऊ लागला. २०२४ च्या वीस षटकांच्या विश्वचषकाचे यजमानपद वेस्ट इंडीजबरोबर अमेरिकेकडे होते. संघ दुबळा गणलेला, आणि त्यातील बहुतेक खेळाडू अन्य देशांत जन्मलेले. कर्णधार मोनांक पटेल आणंदचा, हरमीत सिंग मुंबईचा, अली खान पाकिस्तानचा, तर कोरी अँडरसन पूर्वी न्यूझीलंडकडून कसोटी खेळलेला.

६ जून २०२४ रोजी डॅलसजवळच्या मैदानावर या संघाची पाकिस्तानशी गाठ पडली. दोघांच्याही १५९ धावा झाल्या आणि निकाल जादा षटकावर गेला. अमेरिकेने १८ धावा केल्या. नेत्रावळकरने आपल्या षटकात पाकिस्तानला १३ वर थोपविले. सहा दिवसांनी न्यूयॉर्कला भारताशी सामना झाला. त्यात त्याने विराट कोहलीला पहिल्याच चेंडूवर आणि पाठोपाठ रोहित शर्माला बाद केले. सामना भारतानेच जिंकला; पण एकाच वेळी टाळ्या कोणासाठी वाजवाव्यात, असा प्रश्न पुष्कळ मराठी घरांना त्या रात्री पडला असेल. तोच प्रश्न उलटा करून पाहिला तर आपल्या विषयाचे मर्म हाती येते. आपला मुलगा दुसऱ्याच्या संघात गेला की आपल्याला कौतुक वाटते. दुसऱ्याचा मुलगा आपल्या संघात आला की कपाळाला आठी पडते. न्याय दोन्हीकडे एकच असावयास हवा.

कोरिया आणि अमेरिका यांत एक भेद मात्र आहे. नेत्रावळकर शिक्षणासाठी गेला आणि खेळ त्याच्या सामानाबरोबर गेला. त्याला कोणी संघासाठी नेले नव्हते. अँडरसनसारखे काही जण खेळाच्या करारावरच गेले, हेही खरे. परंतु पाकिस्तानवरील विजयाने तेथील क्रिकेटची घडी बसली असे झाले नाही. कारभार नीट नसल्याने सप्टेंबर २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने तेथील संघटनेचे सदस्यत्व निलंबित केले. संघाला खेळण्याची मुभा तेवढी राहिली. दत्तक मुलगा कर्ता निघाला तरी घराचा कारभार त्याला एकट्याने सावरता येत नाही.

आता आपल्या घराकडे वळू. आपली रीत कडक आहे. स्वखुशीने परक्या देशाचे नागरिकत्व घेणारा भारताचा नागरिक राहत नाही, असे आपले संविधान सांगते. परदेशस्थ भारतीय म्हणून जे कार्ड मिळते ते नागरिकत्व नव्हे. आणि २००८ मध्ये सरकारने ठरविले की भारताच्या संघात भारतीय पारपत्र असणाराच खेळेल. म्हणजे पहिल्या घराचे गोत्र सोडल्याशिवाय येथे दत्तकविधान नाही. जपानमध्ये १९८२ साली जन्मलेला, गुजराती पित्याचा मुलगा अराता इझुमी २००६ मध्ये भारतात फुटबॉल खेळावयास आला. कोलकाता, मुंबई आणि नंतर पुणे येथे तो खेळला. जपानचे नागरिकत्व सोडून भारताचा झाला. आणि पुण्याच्या क्लबात असतानाच २०१३ मध्ये त्याने भारताचा पोशाख घातला. तेव्हा त्याचे वय तीस होते. म्हणून सामने थोडेच मिळाले. २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातील पर्थचा रायन विल्यम्स, ज्याचे आजोळ मुंबईचे, त्यानेही तिकडचे नागरिकत्व सोडून इकडचे घेतले. असे येणारे विरळा. कारण येण्याची किंमत मोठी आहे. म्हणून हा नियम सैल करावा, अशी मागणी फुटबॉलप्रेमी वारंवार करतात.

या मागणीचा निवाडा करण्यास येवल्याजवळ स्वतःचे एक माप आहे. पैठणीच्या नावात आजही पैठण आहे. पण तिचे माग वाजतात ते येवल्यात. सतराव्या शतकात रघोजी नाईकांनी बाहेरगावचे कारागीर आणून येथे वसविले, असे या गावाचा इतिहास सांगतो. ते एखाद्या लग्नसराईपुरते आले असते, तर शालू विणून निघून गेले असते. ते राहिले. त्यांच्या मागाशेजारी दुसऱ्यांची मुले बसली, आणि काही पिढ्यांनी पाहुणा कोण व यजमान कोण हे विचारण्याचे कारण उरले नाही.

हेच माप खेळाडूला लावावे, असे आमचे मत आहे. २०३० च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा अहमदाबादला व्हावयाच्या आहेत, आणि २०३६ च्या ऑलिंपिकसाठीही भारताने मागणी केली आहे. म्हणजे काही खेळांत आपणच दुबळे यजमान ठरण्याचा संभव आहे. त्या वेळी बाहेरून बळ आणण्याचा मोह होईल, आणि तो सर्वस्वी त्याज्य आहे असेही नाही. मात्र तीन गोष्टी आधी विचाराव्यात. हा मनुष्य स्पर्धेपूर्वी काही वर्षे येथे राहून, येथल्या क्लबात खेळला आहे काय? त्याच्याबरोबर सराव करणारी, त्याच्यापासून शिकणारी येथली मुले किती? आणि ज्याची जागा त्याने घेतली त्या स्थानिक खेळाडूसाठी पुढची वाट कोणती ठेवली आहे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर पारपत्राच्या कचेरीत मिळेल. उरलेल्या दोहोंचे उत्तर शाळांच्या मैदानांवरच शोधावे लागेल, आणि त्यासाठी स्पर्धेच्या वर्षाची वाट पाहत बसण्याचे कारण नाही.