माड मलूल दिसतोय? आधी शेंडा बघा

परसातला माड पिवळा पडू लागला की घरात पहिला प्रश्न येतो, कुठलं औषध मारायचं? त्याआधी विचारायला हवं, दुखणं माडाच्या कुठल्या भागात आहे? आंब्याची एक फांदी वाळली तर दुसरी फुटते. माडाला वाढणारा कोंब एकच; तो गेला की माड गेला.

खालच्या झावळ्या एकेक करून वाळत असतील तर घाबरू नये. निरोगी माडही साधारण महिन्याला एक झावळ टाकतो. एकदम बऱ्याच पिवळ्या पडल्या, तर आधी आळ्यातलं पाणी आणि खत तपासावं.

नव्या झावळ्या कात्रीने पंख्यासारख्या कापल्यागत दिसल्या, तर तो गेंड्या भुंगा. मिटलेल्या कोवळ्या पानातून तो आरपार भोक पाडतो. पान उलगडलं की काप दिसतात. भुंगा शेंड्यात सापडला, तरी त्याच्या अळ्या वाढतात शेणखताच्या खड्ड्यात आणि कुजक्या ओंडक्यांत. म्हणून तारेच्या हुकाने भुंगा काढावाच, पण उकिरडाही उपसावा.

सोंड्या भुंग्याचं उलट. त्याच्या अळ्या खोडाच्या आतच गाभा खातात. खोडाला भोक, त्यातून तांबूस चिकट द्रव आणि चघळलेला भुसा, ही त्याची खूण. खोडाला कान लावला तर कधी कुरतडण्याचा आवाजही येतो. जखमेच्या वासावर हा भुंगा येतो, म्हणून चढण्यासाठी खोडाला खाचा पाडू नयेत आणि हिरवी झावळ खोडालगत तोडू नये.

पावसाळ्यात मधलं कोवळं पान पिवळं पडलं, ओढताच हातात आलं आणि त्या पानाच्या बुडाला घाण वास आला, तर कोंब कुजतोय. हे बुरशीजन्य दुखणं थांबून राहत नाही. कुजका भाग लगेच खरवडून दहा टक्के बोर्डो पेस्ट लावावी, वर पाणी जाणार नाही असं झाकावं आणि शेजारच्या माडांवर एक टक्का बोर्डो मिश्रण फवारावं. वेळेत केलं तर कोंब वाचतो.

खूण ओळखता येत नसेल, तर बाधित भागाचे फोटो घेऊन रत्नागिरीजवळच्या भाट्ये नारळ संशोधन केंद्रात किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा. आणि कोंब मेलेला माड परसात उभा ठेवू नका. तोडून जाळून टाका, नाहीतर त्यातच भुंग्यांची पुढची पिढी वाढून शेजारच्या माडांवर जाते.