विश्लेषण : सावळ्या त्वचेवरचा सोरायसिस का चकवतो?
सोरायसिस म्हणजे लालभडक चट्टे, असे परदेशी पाठ्यपुस्तके शिकवतात. त्यांतली छायाचित्रे बहुतांशी गोऱ्या त्वचेची. आपल्या सावळ्या त्वचेवर तोच दाह जांभळट, करडा किंवा तपकिरी दिसतो. आजाराची तीव्रता मोजणाऱ्या ‘पासी’ निर्देशांकात लालीलाही गुण असतात. ती नीट दिसली नाही, तर आजार सौम्य ठरण्याचा धोका. लंडनमध्ये मलोन मुकवेंडे या वैद्यकीय विद्यार्थ्याने २०२० मध्ये काळ्या-सावळ्या त्वचेवरील लक्षणांची पुस्तिकाच काढली. लालबाग-परळमध्ये अडचण आणखी वेगळी. चट्टा गजकर्ण समजून औषधाच्या दुकानातून स्टिरॉइडचे मलम आणले जाते. २०१८ पासून अशा अनेक मलमांना डॉक्टरांची चिठ्ठी लागते. पण ती मागतो कोण? मलम थांबताच चट्टे उसळू शकतात. केईएमच्या त्वचारोग ओपीडीत गेल्यास लावलेल्या मलमाची ट्यूब दाखवावी, सकाळी सांधे आखडत असतील तर तेही सांगावे.