चौकशीच्या खिडकीत कोण बसलंय?

पुण्याच्या स्वारगेट एसटी आगारात उभ्या बसमध्ये तरुणीवर बलात्कार झाल्याच्या फिर्यादीनंतर उसाच्या फडांवर ड्रोन फिरले, आरोपी सापडला, आगारातले सुरक्षारक्षक बदलण्याचे आदेश निघाले आणि जिकडेतिकडे सीसीटीव्हींची मोजदाद सुरू झाली. या धावपळीत २५ फेब्रुवारी २०२५ च्या त्या पहाटेचा एक तपशील मागे पडला. फलटणच्या गाडीची वाट पाहणाऱ्या तरुणीला अनोळखी माणसाने, तिच्या फिर्यादीनुसार, इतकंच सांगितलं होतं की तुमची गाडी इथे लागत नाही, पलीकडे उभी आहे. ते खरं की खोटं, हे तिला तिथल्या तिथे पडताळता आलं असतं तर पुढचं कदाचित टळलं असतं. पोलीस ठाणं हाकेच्या अंतरावर होतं. पण गाडी कुठे लागली आहे, हे सांगणं काही पोलिसांचं काम नव्हे.

ही अडचण एकट्या स्वारगेटची नाही. त्या घटनेच्या दुसऱ्या दिवशी महाशिवरात्र होती. राज्याच्या पार पूर्व टोकाला, गोंदिया शहराला लागून असलेल्या नागऱ्यात प्राचीन शिवमंदिराची यात्रा भरते. यात्रेच्या दिवशी एकट्या बाईला नागऱ्याचा रस्ता विचारावाच लागत नाही. माणसांची रीघ, फुलांची-प्रसादाची दुकानं, बंदोबस्त हे सगळं तिला आपोआप मंदिरापर्यंत नेतं. तीच बाई जूनमधल्या एखाद्या मंगळवारी, ते मंदिर पाहायचं म्हणून महाराष्ट्र एक्स्प्रेसने कोल्हापूरहून निघाली आणि या गाडीच्या शेवटच्या स्टेशनात, गोंदियाला उतरली तर? नागपूर, दुर्ग, बालाघाट, बल्लारशाह अशा चार दिशांच्या गाड्या मिळणारं हे जंक्शन. बाजारात मराठीपेक्षा हिंदी जास्त कानावर पडते. नागऱ्याला नेणाऱ्या बालाघाट रस्त्याकडे कुठल्या बाजूने बाहेर पडायचं, काळीपिवळी कुठून सुटते, रिक्षावाल्याने सांगितलेलं भाडं रास्त आहे का, परतीचं शेवटचं वाहन किती वाजता, यातलं काहीच तिला ठाऊक नाही. गाव तेच, मंदिर तेच. तरी पोटात गोळा येतो. गोंदिया वाईट आहे म्हणून तो येत नाही. समोरच्या प्रत्येकाला आपल्यापेक्षा जास्त माहीत आहे, म्हणून येतो.

या पोटातल्या गोळ्यावर अमेरिकी सुरक्षातज्ज्ञ गॅव्हिन डी बेकर यांनी १९९७ साली आख्खं पुस्तक लिहिलं, 'द गिफ्ट ऑफ फिअर'. भीती आणि काळजी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं ते बजावतात. काळजी आपण डोक्यात तयार करतो. खरी भीती समोरचं काहीतरी टिपून येते आणि कारण उमगण्याआधीच येते. गोड बोलून जवळीक साधणाऱ्यांच्या खुणाही त्यांनी मांडल्या आहेत: ओळख नसताना 'आपण दोघं एकाच अडचणीत' असा आव आणणं, न विचारता तपशिलांचा पाऊस पाडणं, न मागितलेली मदत गळ्यात मारणं आणि सर्वांत महत्त्वाचं, 'नको' म्हटल्यावर न ऐकणं. यातल्या शेवटच्या खुणेपाशी तरी शिष्टाचार बाजूला ठेवून चालू लागावं.

त्यांचा सगळ्यांत उपयोगी सल्ला मात्र साधा आहे. मदत लागलीच तर माणूस आपण निवडावा, आपल्याला निवडून आलेल्या माणसाच्या मागे जाऊ नये. गर्दीतून आपण सहज निवडलेला माणूस नेमका वाईट निघण्याची शक्यता फार कमी असते. एकटी बाई हेरून आपणहून पुढे आलेल्याबद्दल तसं म्हणता येत नाही. गोंदियात याचा अर्थ असा, की 'मॅडम, कहाँ जाना है?' म्हणत मागे लागणाऱ्याला सोडून चहाच्या टपरीवर किंवा औषधांच्या दुकानात विचारावं. दुकानदाराला उद्याही तिथेच बसायचं असतं.

पण सल्ल्यांची ही यादी वाढत जाते तसा तिचा सूर घरच्या धाकासारखा होऊ लागतो. हे घालू नको, तिथे जाऊ नको, त्यापेक्षा घरीच बस. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईचा अभ्यास करून २०११ मध्ये लिहिलेल्या 'व्हाय लॉइटर?' या पुस्तकात नेमकं याच वृत्तीवर बोट ठेवलं आहे. बाईला रस्त्यावर दिसायचं तर काहीतरी काम दाखवावं लागतं. नुसतं हिंडण्याचा आणि त्यातला धोका स्वतः पत्करण्याचा हक्क तिला कुणी देत नाही. शिवाय राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे आकडे वर्षानुवर्षं हेच सांगतात, की नोंदल्या गेलेल्या बलात्कारांच्या दहापैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचाच असतो. म्हणजे परक्या शहराच्या धास्तीने बाईला घरात ठेवणारे तिला फार सुरक्षित जागी ठेवतात, असंही नाही.

म्हणून माझा रोख सरकारकडे आहे. मार्च २०२३ पासून एसटीने महिलांना अर्ध्या तिकिटात प्रवास दिला, हे उत्तमच झालं. पण जिला घराबाहेर बोलावलं, तिच्यासाठी पहाटे पावणेसहाला चौकशीच्या खिडकीत कुणी बसलेलं असायला नको का? अडचणीत ११२ आहे, रेल्वेत १३९ आहे. गुन्हा कुठेही घडला तरी कोणत्याही ठाण्यात फिर्याद घेणं नव्या कायद्याने १ जुलै २०२४ पासून बंधनकारक आहे. यातली प्रत्येक सोय कामाची, पण ती बहुतेकदा काही घडू लागल्यावर किंवा घडून गेल्यावरची. सीसीटीव्हीचं तर बोलायलाच नको. त्याला कुणी प्रश्न विचारू शकत नाही.

आगारांवर पैसा खर्च होणारच असेल, तर त्यातला थोडा याकडे वळवावा. चोवीस तास चालू खिडकी आणि तिथे गणवेशातला माणूस. कोणती गाडी कोणत्या फलाटावर, हे दिसणारा आणि ऐकू येणारा फलक. फलाटावर न लागलेल्या गाड्यांना कुलूप. आणि गोंदियासारख्या प्रत्येक स्टेशनाबाहेर, मोठ्या अक्षरांत, मराठीत आणि हिंदीत एक पाटी: नागऱ्यासारख्या ठिकाणी जाणारं वाहन कुठून सुटतं, भाडं किती, परतीचं शेवटचं वाहन किती वाजता.