कुलूप नसलेला खेळ

'प्रिन्स ऑफ पर्शिया' हा संगणकावरचा खेळ अनेकांना आठवत असेल. नव्वदच्या दशकात ज्या शाळांमध्ये संगणक पोचले, तिथे बहुधा हा खेळही पोचलेला असे. एका फ्लॉपीवरून दुसऱ्या फ्लॉपीवर, असा त्याचा प्रवास चाले. आमच्या शाळेतही तो होता. पहिली पातळी ओलांडली की राजपुत्र एका चमत्कारिक खोलीत येई. तिथे औषधाच्या बाटल्या मांडलेल्या असत, प्रत्येक बाटलीवर एक इंग्रजी अक्षर. खाली सूचना येई: पुस्तिकेच्या अमुक पानावरच्या, अमुक ओळीतल्या, अमुक शब्दाचं पहिलं अक्षर ज्या बाटलीवर आहे तिच्यातलं औषध प्या. चुकीच्या बाटलीनं जीव कमी होई. पुस्तिका अर्थातच कोणाकडे नव्हती, कारण खेळ कोणी विकत घेतलेलाच नव्हता! मग आमच्यातल्या एकानं चुका करत करत उत्तरांची यादी वहीच्या मागच्या पानावर लिहून काढली. ती वही पुढे खालच्या इयत्तेतल्या मुलांकडे गेली.

ती खोली म्हणजे खेळाचाच एक भाग, असं आम्हांला वाटे. ते एक कुलूप होतं, हे पुष्कळ वर्षांनी कळलं. आज त्याला 'डिजिटल राइट्स मॅनेजमेंट', थोडक्यात डीआरएम म्हणतात. आणि आज जगभरात असे हौशी खेळाडू आहेत, की जे वीस-तीस वर्षांपूर्वीचे खेळ पैसे मोजून पुन्हा विकत घेतात, पण केवळ हे कुलूप नसलेल्या दुकानातूनच. फुकट मिळवणं सहज शक्य असताना ते असं का करतात? प्रश्न खेळांचा वाटला, तरी उत्तरात भौतिकशास्त्र आहे, अंकगणित आहे आणि थोडा कायदाही आहे.

आधी कुलपाकडे पाहू. पुस्तकाची छायाप्रत मूळ प्रतीपेक्षा फिकट येते, छायाप्रतीची छायाप्रत आणखी फिकट. शून्य आणि एक यांच्या रांगेचं तसं नसतं. हजाराव्या प्रतीतही शून्य शून्यच राहतं. म्हणून कुलूप करणाऱ्याला अशी एखादी गोष्ट शोधावी लागते की जिची नक्कल माहितीइतकी सहज होत नाही. पहिला उपाय कागदाचा. पुस्तिकेतला शब्द विचारायचा, किंवा १९९० च्या 'द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड' या खेळासारखी पुठ्ठ्याची फिरती चकती द्यायची. आमच्या वहीसमोर हा उपाय टिकला नाही, हे सांगायला नकोच.

सीडी आल्यावर कुलूप तबकडीच्या अंगातच घातलं गेलं. सीडीवरची माहिती छोट्या छोट्या खंडांत लिहिलेली असते आणि प्रत्येक खंडासोबत चूक ओळखण्याचे व दुरुस्त करण्याचे जादा अंक असतात. ओरखडा पडला तरी सीडी वाचता येते ती त्यामुळे. कुलूप करणाऱ्यांनी काही खंडांतले हे अंक मुद्दाम चुकीचे लिहिले. साधा सीडी-रायटर नक्कल करताना अशा खंडापाशी अडखळतो, किंवा चांगल्या नोकराप्रमाणे चूक सुधारून टाकतो. खेळ सुरू होताना त्या जागा तपासतो. चूक सापडली तर तबकडी अस्सल, चूक नसेल तर नकली! 'सेफडिस्क' या कुलपाचं तत्त्व साधारण हेच होतं. 'सिक्युरॉम'च्या पुढच्या आवृत्त्या याहून हुशार निघाल्या. फिरत्या तबकडीवर दोन खंडांमध्ये किती कोन आहे, हे त्या वाचनाला लागणाऱ्या वेळावरून मोजत. कारखान्यात दाबून काढलेल्या तबकडीवर ही अंतरं ठरावीक असतात, घरी जाळलेल्या कोऱ्या सीडीवर ती वेगळी पडतात. युक्ती म्हणून मला ही फार आवडते. माहितीची नक्कल झाली, पण भूमितीची झाली नाही.

हे तपासण्यासाठी मात्र कुलपाला विंडोज प्रणालीच्या गाभ्यात शिरून बसावं लागे. तिथे बसलेला कोणताही परका प्रोग्राम म्हणजे सुरक्षेला भगदाडच. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० आणली तेव्हा सेफडिस्कला तिच्यात थारा दिला नाही, आणि त्याच वर्षी आधीच्या काही आवृत्त्यांमध्येही सुधारणा पाठवून ते बंद केलं. परिणाम काय झाला? ज्यांनी दहा-पंधरा वर्षांपूर्वी पूर्ण किंमत देऊन अस्सल तबकडी घेतली, जपून ठेवली, त्यांचा खेळ सुरू होईना. ज्यांनी कुलूप तोडलेली चोरटी प्रत उतरवली होती, त्यांचा मात्र सुरू होता. सगळ्या प्रकरणातला विरोधाभास इथे उघडा पडतो. युबिसॉफ्ट कंपनीच्या एका खेळात २००८ मध्ये अशाच एका कुलपाचा त्रास झाला, तेव्हा कंपनीनं ग्राहकांना अधिकृत दुरुस्ती म्हणून जी फाइल पाठवली, ती कुलूपफोड्यांच्या एका टोळीनं बनवलेली निघाली!

त्याच वर्षी 'स्पोअर' हा खेळ बाजारात आला. विकत घेतलेली प्रत फक्त तीन संगणकांवर बसवता येईल, अशी त्याची अट होती. ग्राहक संतापले, ही मर्यादा पाचवर न्यावी लागली आणि अमेरिकेत खटलाही दाखल झाला. खेळाची चोरी त्यामुळे थांबली का? मुळीच नाही. कुलूप तोडण्याचं काम एका माणसानं एकदा केलं की पुरतं, पुढे सर्वांना नुसती नक्कल घ्यायची असते. कुलपाचा जाच मात्र प्रत्येक प्रामाणिक ग्राहकाला, दर वेळी.

नेमक्या याच सुमारास, २००८ मध्येच, पोलंडमधून 'गुड ओल्ड गेम्स' हे दुकान इंटरनेटवर सुरू झालं. आता त्याचं नाव 'जीओजी' एवढंच आहे. ते सुरू करणाऱ्या सीडी प्रोजेक्ट या कंपनीची जडणघडण समजून घेण्यासारखी आहे. संगणकीय प्रोग्रामना पोलंडमध्ये कायद्याचं संरक्षण मिळालं ते १९९४ मध्ये. त्याच वर्षी मार्चिन इविन्स्की आणि मिखाऊ किचिन्स्की या दोन तरुणांनी वॉर्सात ही कंपनी काढली. बाजारात चोरट्या सीड्यांचा सुळसुळाट होता आणि त्यांच्याशी किमतीत बरोबरी करणं अशक्यच होतं. मग १९९९ मध्ये 'बाल्डर्स गेट' या खेळाची पोलिश आवृत्ती काढताना त्यांनी वेगळा मार्ग धरला. खेळ पोलिश भाषेत आणला, खोक्यात नकाशा, नियमांचं पुस्तक, संगीताची सीडी घातली. चोराला पकडायच्या मागे न लागता गिऱ्हाइकाला चोरट्या प्रतीपेक्षा जास्त काहीतरी द्यायचं, हा तो मार्ग. जीओजीनं तोच पुढे चालवला. सुरुवातीला खेळांच्या किमती सुमारे सहा आणि दहा डॉलर अशा होत्या. खेळासोबत पुस्तिका आणि बऱ्याचदा संगीतही मिळे. कुलूप अजिबात नाही.

पण खरी जास्तीची वस्तू निराळीच आहे: तो खेळ आजच्या यंत्रावर चालतो! ही गोष्ट वाटते तितकी साधी नाही.

जुना प्रोग्राम म्हणजे काही दगडावरचा शिलालेख नव्हे. तो एका विशिष्ट यंत्राशी बोलण्यासाठी लिहिलेला असतो. डॉसच्या काळातले खेळ ध्वनीच्या कार्डाशी, पडद्याशी थेट बोलत. आज ती कार्डं नाहीत. शिवाय त्यांतले बरेच खेळ १६-बिट आज्ञांमध्ये लिहिलेले. ६४-बिट विंडोजमध्ये डॉसचे प्रोग्राम चालवण्याची सोयच उरलेली नाही.

वेगाचा प्रश्न तर आणखी मजेदार आहे. 'विंग कमांडर' (१९९०) हा खेळ पुढच्या पिढीतल्या संगणकांवर इतका वेगानं धावे की खेळता येत नसे, कारण वेळ मोजण्याऐवजी तो यंत्राच्या गतीवरच विसंबून होता. जुन्या संगणकांवर 'टर्बो' असं लिहिलेलं एक बटण असे, आठवतं? नाव काहीही असो, त्याचा खरा उपयोग यंत्राचा वेग कमी करण्यासाठीच होई.

इथे वर्गात सोडवून घेण्याजोगं एक उदाहरण देतो. टर्बो पास्कल या भाषेत लिहिलेले बरेच प्रोग्राम सुरू होताना यंत्राचा वेग मोजत. संगणकाच्या घड्याळाचा एक ठोका साधारण ५५ मिलिसेकंदांचा. तेवढ्या वेळात एक रिकामी फेरी किती वेळा होते ते मोजायचं आणि त्या आकड्याला ५५ नं भागायचं, म्हणजे एका मिलिसेकंदातल्या फेऱ्या मिळतात. पण उत्तर ठेवायची जागा १६ बिटांची, म्हणजे तिच्यात जास्तीत जास्त ६५,५३५ मावणार. तेव्हा एका ठोक्यात ६५,५३५ × ५५ = ३६,०४,४२५ पर्यंत फेऱ्या झाल्या तर ठीक. त्यापुढे केव्हातरी भागाकार जागेत मावेनासा होतो आणि प्रोग्राम सुरू होण्याआधीच 'रनटाइम एरर २००' असं म्हणून बंद पडतो. नव्वदचं दशक संपत आलं तेव्हाच्या संगणकांनी ही मर्यादा ओलांडली आणि कालपर्यंत नीट चालणारे प्रोग्राम एकाएकी कोसळू लागले. प्रोग्राममध्ये काहीच बिघडलं नव्हतं. जग त्याच्या अपेक्षेपेक्षा वेगवान झालं होतं, इतकंच.

यावर उपाय काय? जुनं यंत्रच नव्या यंत्राच्या आत उभं करायचं. २००२ मध्ये पहिल्यांदा प्रकाशित झालेला 'डॉसबॉक्स' हा मुक्त प्रोग्राम हेच करतो. तो जुन्या प्रोसेसरचं सोंग घेतो. खेळातली एक आज्ञा वाचतो, ती खऱ्या प्रोसेसरनं पाळली असती तर काय झालं असतं ते स्वतःच्या कोष्टकात नोंदवतो, मग पुढची आज्ञा. ध्वनिकार्डाचंही सोंग तोच घेतो. खेळानं त्या कार्डाला पाठवलेले आकडे अडवून त्यांपासून आजच्या कार्डाला समजेल असा ध्वनी तयार करतो. एका मिलिसेकंदात किती आज्ञा पाळायच्या, हे आपण ठरवू शकतो. तीन हजार म्हटलं की आजचं यंत्र आज्ञाधारकपणे म्हातारं होतं. पडद्याचंही असंच. डॉसच्या अनेक खेळांचं चित्र आडवे ३२० आणि उभे २०० ठिपक्यांचं, पण पडद्याचं प्रमाण ४:३. म्हणजे प्रत्येक ठिपका रुंदीच्या १.२ पट उंच होता. आजच्या चौरस ठिपक्यांवर तेच चित्र जसंच्या तसं दाखवलं तर वर्तुळं चपटी दिसतात. आलेखाच्या कागदावर मुलांना हे सहज करून पाहता येईल.

जीओजीवरच्या डॉसच्या कितीतरी खेळांमध्ये डॉसबॉक्स आधीच घालून, नीट जुळवून दिलेला असतो. म्हणजे ग्राहक पैसे देतो ते निम्मे खेळाचे आणि निम्मे या मजुरीचे. मला हा सौदा रास्त वाटतो. पूर्वी विकलेले खेळ पुढेही चालू ठेवण्याची जबाबदारी घेणारा एक कार्यक्रम त्यांनी २०२४ मध्ये शंभर खेळांपासून सुरू केला.

कधी अडचण तंत्राची नसतेच, कागदपत्रांची असते. 'सिस्टिम शॉक २' (१९९९) हा नावाजलेला खेळ बनवणारी कंपनी २००० मध्ये बंद पडली आणि खेळाचे हक्क फिरत फिरत चक्क एका विमा कंपनीकडे गेले! स्टीफन किक या खेळाडूला तो आपल्या लॅपटॉपवर चालेना, म्हणून त्यानं मालकाचा शोध सुरू केला. बोलणी झाली आणि २०१३ मध्ये खेळ जीओजीवर पुन्हा मिळू लागला. 'नो वन लिव्हज फॉरेव्हर' (२०००) या खेळाचं नशीब एवढं चांगलं नव्हतं. हक्कांच्या गुंत्यामुळे त्याला पुन्हा बाजारात आणण्याचे प्रयत्न सोडून द्यावे लागले. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेनं २०२३ मध्ये केलेल्या पाहणीनुसार, अमेरिकेत २०१० पूर्वी प्रकाशित झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आता रीतसर विकत मिळत नाहीत.

आता मालकीविषयी. 'द क्रू' हा २०१४ चा खेळ कंपनीच्या दूरच्या संगणकाशी जोडल्याशिवाय चालत नसे. ३१ मार्च २०२४ रोजी तो संगणक बंद झाला आणि पैसे देऊन घेतलेला खेळ एका दिवसात निरुपयोगी झाला. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार, ग्राहकाला केवळ परवाना मिळत असेल तर ते स्पष्ट न सांगता 'विकत घ्या' असं लिहिता येत नाही. जीओजीवरही कायद्याच्या भाषेत परवानाच मिळतो, हे लक्षात ठेवायला हवं. मित्रांना प्रती वाटायची मुभा तिथेही नाही. फरक इतकाच, की खेळ बसवण्याची पूर्ण फाइल आपल्या डिस्कवर उतरवून ठेवता येते. उद्या दुकान बंद पडलं तरी ती फाइल कोणालाही न विचारता चालते. खेळाडूंचं प्रेम या एका गोष्टीवर आहे. २०२१ मध्ये जीओजीनं 'हिटमॅन' हा खेळ विकायला ठेवला, पण त्याचे काही भाग इंटरनेटशिवाय उघडत नव्हते. खेळाडूंनी असा गोंधळ घातला की महिनाभरातच तो काढून घ्यावा लागला.

कुलूप नसलं तर धंदा बुडेल, ही भीती खोटी म्हणता येणार नाही. छोट्या निर्मात्याला एका चोरट्या प्रतीचाही त्रास होतो. पण सीडी प्रोजेक्टनं आपला 'द विचर ३' हा खेळ २०१५ मध्ये जीओजीवर पहिल्या दिवसापासून कुलपाविना विकला. सर्व प्रकारच्या यंत्रांवर मिळून त्याच्या पाच कोटींहून जास्त प्रती खपल्या. चांगल्या खेळाला कुलपाची गरज नसते असं यावरून सिद्ध होत नाही, पण कुलूप नसलं की खेळ बुडतोच असंही नाही, हे नक्की.

मी खेळ फारसे खेळत नाही. या विषयात शिरलो तो दुसऱ्याच कारणानं. आमच्या प्रयोगशाळेत एक जुना वर्णपटमापक आहे. त्याच्यासोबत आलेला प्रोग्राम संगणकाच्या मागे एक छोटी ठोकळी खोचल्याशिवाय सुरू होत नाही. तेही कुलूपच. ती कंपनी केव्हाच बंद झाली. दहा वर्षांच्या मोजमापांच्या फायली त्या प्रोग्रामशिवाय दुसरं काहीही वाचू शकत नाही. आमच्या एका विद्यार्थ्यानं डॉसबॉक्ससारख्याच एका प्रोग्राममध्ये जुनी प्रणाली उभी केली, सगळं चालू झालं आणि शेवटच्या पायरीला पडद्यावर ओळ आली: ठोकळी सापडत नाही. आम्ही ते उपकरण आणि तो प्रोग्राम पूर्ण पैसे देऊन घेतले होते. तेव्हापासून आम्ही एकेक फाइल उघडून तिच्यातले आकडे साध्या मजकुराच्या रूपात उतरवून घेतो आहोत. निम्म्याहून अधिक झाल्या आहेत. तोवर तो जुना संगणक कोपऱ्यात प्लॅस्टिकच्या आच्छादनाखाली आहे आणि ठोकळी सैल होऊ नये म्हणून तिला दोरा बांधून वर चिठ्ठी लावली आहे, 'काढू नये'.