हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा

शाळेचा इतिहास सांगताना इमारत कोणी बांधली, देणगी कोणी दिली, येथून सुरुवात होते. आपल्या जिल्ह्यातील हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेची गोष्ट निराळी आहे. ती १९२१ साली असहकाराच्या लाटेत निघाली. तेव्हा येथे निजामाचे राज्य होते. येडशीहून बार्शीला जाणारी छोटी गाडी राज्याची हद्द ओलांडी, कारण बार्शी इंग्रजी मुलखात. तिकडचे वारे त्याच वाटेने इकडे येत. इकडे मात्र वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठही त्याच माध्यमाचे.

राष्ट्रीय शाळा म्हणजे सरकारी मदत आणि मान्यता नाकारून चालविलेली शाळा. ऐकायला हे गोड वाटते. पण अशा शाळेच्या दाखल्यावर कारकुनीही मिळत नसे. मुलगा तेथे धाडणारा बाप घरातली एक नोकरी आधीच सोडून देई. संपाच्या वेळी कामगाराच्या घरी हाच हिशेब मी ऐकत आलो आहे.

१९२९ मध्ये व्यंकटेश खेडगीकर तेथे शिक्षक म्हणून आले. त्यापूर्वी ते कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्या हाताखाली काम करीत. लोक ही गोष्ट एका ओळीत उरकतात. मला ती फार मोठी वाटते. युनियन बांधणे म्हणजे त्याच माणसांना रोज भेटत राहणे, आणि शिक्षकाचे काम तरी दुसरे काय असते? हिप्परग्यास असतानाच संन्यास घेऊन ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. १९२९ मध्येच गश्ती निशाण ५३ निघाले. आज आपण बसलो आहोत तसे सभेला बसायचे तर सरकारची परवानगी हवी. अशा काळात एका खेड्यातील वर्गाला केवढे मोल आले असेल!

१९३५ मध्ये स्वामी अंबाजोगाईस गेले. १९३८ च्या सत्याग्रहात तुरुंगवास झाला. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली. शाळेने ज्याच्याशी असहकार केला ते सरकारच उरले नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने लोहारा-उमरगा भागातील दगडमातीच्या भिंती झोपलेल्या माणसांवर पाडल्या. पुढे गावे नव्याने वसली, शाळाही.

आता मान्यता आहे, छप्परही आहे. पण २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा मोडून समूह शाळा करण्याचा विचार सरकारने पुढे आणला. तेव्हा बाप नोकरीवर पाणी सोडी; आता धाकट्या मुलीला परगावी धाडावे की घरी ठेवावे, हा हिशेब आईला करावा लागेल.