पिशवी गेली, अंडाशयांचं काय?

82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यांतल्या 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. 2019 साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या सरकारी समितीपुढे आलेला हा बीड जिल्ह्याचा आकडा. शंभरात जवळजवळ 17. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत (2015-16) राज्याची सरासरी होती 2.6. दोन्ही पाहण्यांचे वयोगट वेगळे, म्हणून 'सहापट' असं छातीठोक म्हणू नये. पण एवढी तफावत नुसत्या वयोगटावर ढकलताही येत नाही.

धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरकरांनी हा आकडा परका मानू नये. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी 1970च्या दशकात गुजरातेतल्या बारडोलीच्या ऊसतोडीचा अभ्यास केला, तेव्हा तिथे कोयता चालवायला आलेले मजूर मोठ्या संख्येने खानदेशातले, जुन्या धुळे जिल्ह्यातले होते. पाळीच्या दुखण्याने खाडा पडला की मुकादम पैसे कापणार, त्यापेक्षा पिशवीच काढून टाकावी, हा हिशेब कुठल्याच फडावर वेगळा नसतो.

बीडच्या निमित्ताने शोषणाची चर्चा झाली, ती व्हायलाच हवी होती. मेंदूचा विषय मात्र निघालाच नाही.

मेंदूचं वजन शरीराच्या अवघं 2 टक्के, पण हृदयातून निघणाऱ्या रक्तातला सुमारे 15 टक्के वाटा तो घेतो. मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरावर अंडाशयांतून येणारं इस्ट्रोजेन काम करतं. अस्तराच्या पेशींना ते नायट्रिक ऑक्साइड तयार करायला लावतं, त्याने वाहिनी सैल राहते. दाह कमी राहतो आणि रक्तातलं नको ते मेंदूत झिरपू न देणारी भिंतही घट्ट राहते.

आता वयाचं गणित. भारतीय बाईची पाळी सरासरी 46-47व्या वर्षी जाते. राष्ट्रीय सर्वेक्षणाच्या त्याच चौथ्या फेरीत, 15 ते 49 वयोगटातल्या ज्या बायकांची पिशवी काढली होती त्यांचं शस्त्रक्रियेच्या वेळचं मध्यक वय निघालं 34. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयंही काढली असतील, तर त्या बाईच्या रक्तवाहिन्यांचं 12-13 वर्षांचं संरक्षण एका दिवसात संपलं. अंडाशयं ठेवली तरी सुटका पूर्ण नाही: न्यूझीलंडच्या 2005च्या अभ्यासात अशा बायकांची रजोनिवृत्ती सरासरी 3.7 वर्षं आधी आली.

याची किंमत किती? अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅमच्या 1,430 बायकांत, 42 वर्षांच्या आत नैसर्गिकरीत्या पाळी गेलेल्यांना रक्तपुरवठा तुटून होणाऱ्या पक्षाघाताचा धोका इतरांच्या दुप्पट निघाला. पिशवी काढलेल्या 29,380 परिचारिकांचा अमेरिकेतच 24 वर्षं मागोवा घेतला गेला. अंडाशयं राखलेल्यांत पक्षाघाताचे 100 झटके धरले, तर दोन्ही काढलेल्यांत 114. हा फरक दुप्पट नाही, आणि तो दुप्पट म्हणून सांगून कुणाला घाबरवूही नये. पण यातल्या कितीतरी जणींना नंतर इस्ट्रोजेनच्या गोळ्या मिळाल्या होत्या. फडावरच्या बाईला मिळते ती कॅल्शियमची.

मग सगळ्यांना इस्ट्रोजेन द्यावं का? इथे आकडे उलटे फिरतात. अमेरिकेतच सरासरी 63 वर्षांच्या 10,739 बायकांवरची इस्ट्रोजेनची चाचणी 2004 मध्ये थांबवावी लागली, कारण वर्षाला 10,000 जणींमागे 12 पक्षाघात जास्त होत होते. रजोनिवृत्तीनंतर बरीच वर्षं गेलेल्या, कडक झालेल्या वाहिनीला तेच औषध मानवत नाही; शिवाय गोळी यकृतातून जाताना रक्त गोठवणारे घटक वाढवते. पस्तिशीत अंडाशयं गेलेल्या बाईचा प्रश्न वेगळा आहे: तिला नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत, म्हणजे गेलं तेवढंच परत द्यायचं. रक्ताच्या गुठळीचा किंवा स्तनाच्या कर्करोगाचा इतिहास नसेल तर डॉक्टर हे सहसा सुचवतात. पासष्टीतल्या बाईचा निष्कर्ष पस्तिशीतल्या बाईला लावणं ही माझ्या मते या साऱ्या वादातली सर्वांत महागडी चूक आहे.

अडचण एवढीच की अंडाशयं आहेत की नाहीत, हे अनेकदा त्या बाईलाच ठाऊक नसतं. राष्ट्रीय सर्वेक्षण पिशवीबद्दल विचारतं, कधी, कुठे, का काढली तेही विचारतं, अंडाशयांबद्दल नाही. आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाचा जो तपासणी फॉर्म भरतात, त्यात तंबाखू आहे, कमरेचा घेर आहे, पाळी गेल्यानंतरचा रक्तस्राव आहे. अंडाशय तिथेही नाही. उत्तर असतं ते घरातल्या पत्र्याच्या पेटीतल्या डिस्चार्ज कार्डावर. तिथे नुसतं 'टीएएच' लिहिलं असेल तर पोटातून पिशवी काढली. पुढे 'बीएसओ' असेल तर दोन्ही अंडाशयं गेली.

शिरपूरच्या उत्तरेला सातपुड्यातले पाडे, दक्षिणेला धुळ्याचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुमारे 50 किलोमीटरवर. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पक्षाघाताच्या झटक्यानंतर साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही सीटी स्कॅन झाल्यावर. पाड्यावरून निघून हे तास कसे जातात ते इथल्या कुणालाही माहीत आहे. रक्तदाब मोजायला मात्र उपकेंद्र पुरतं, आणि ज्या कार्डावर 'बीएसओ' आहे त्या बाईचा तो चाळिशीची वाट न पाहता मोजता येतो.