शाळेतील लोकशाही : पाठ आणि परिपाठ

सकाळी शाळेची घंटा होते. मुले मैदानावर रांगेत उभी राहतात. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा आणि प्रार्थना यांच्या जोडीला आता भारतीय संविधानाच्या उद्देशिकेचेही सामूहिक वाचन होते. उद्देशिका परिपाठात वाचली जावी, असा आदेश महाराष्ट्र शासनाने २०१३ मध्येच काढला होता. परंतु त्याचे पालन सर्वत्र झाले नाही. म्हणून २६ जानेवारी २०२० पासून हा उपक्रम राज्यातील शाळांतून नव्याने व आग्रहाने सुरू करण्यात आला. न्याय, स्वातंत्र्य, समता आणि बंधुता हे चार शब्द त्यामुळे खेडोपाडीच्या मुलांच्या कानांवर रोज पडू लागले, ही गोष्ट समाधानाची आहे. वाचन संपल्यानंतर मुले रांगेने वर्गात जातात. तेथे पाच-सहा तासांत त्यांना या चार शब्दांचा जो अनुभव येतो, त्यावर मात्र या शब्दांचे पुढील भवितव्य अवलंबून असते. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

संविधान सभेत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी संवैधानिक नीतिमत्तेचा मुद्दा उपस्थित केला होता. ही नीतिमत्ता माणसात उपजत नसते, ती प्रयत्नपूर्वक जोपासावी लागते आणि आपल्या लोकांना ती अद्याप शिकावयाची आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. उपजत नसलेली गोष्ट लहान वयात सवयीने अंगी बाणते, हा शिक्षणशास्त्रातील जुनाच सिद्धान्त होय. मग ही सवय लावण्याचे ठिकाण कोणते? घरात वडीलधाऱ्यांचा शब्द चालतो, गावात जातीपातीचे व भावकीचे संबंध चालतात. नाना घरांतील मुले ज्या एकाच छपराखाली रोज एकत्र बसतात, ते ठिकाण म्हणजे शाळा.

आपल्याकडे हा विषय वर्षानुवर्षे ‘नागरिकशास्त्र’ या नावाने इतिहासाच्या पुस्तकाच्या अखेरीस बसत आला. इतिहासाचे पाठ संपता संपता वर्ष संपत येई आणि नागरिकशास्त्राच्या वाट्याला परीक्षेपूर्वीचे चार दिवस येत. प्रस्तुत लेखक शाळेत होता तेव्हा मूलभूत हक्क सात होते. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क त्या यादीतून वगळला गेला आणि ते सहा राहिले. सात काय किंवा सहा काय, शिकविण्याची रीत एकच होती : उभे राहून क्रमाने म्हणून दाखवावयाचे. आमच्या वर्गातील एका मुलाला ‘शोषणाविरुद्धचा हक्क’ काही केल्या आठवत नसे आणि त्याबद्दल त्याच्या हातावर पट्टी बसे. हाच मुलगा शाळा भरण्यापूर्वी गुरुजींच्या घरी विहिरीचे पाणी भरत असे. या दोन गोष्टींत काही विसंगती आहे, असे त्या वेळी वर्गातील कोणालाच वाटले नाही. मलाही वाटले नाही. आम्ही हक्कांची यादी शिकलो होतो. त्याचबरोबर हक्क हे पुस्तकात असतात आणि पाणी आपल्यालाच भरावे लागते, हेही शिकलो होतो. यांपैकी दुसरा धडा अधिक पक्का झाला होता.

शाळेतील पाण्याचा विषय निघाला म्हणून साताऱ्याच्या शाळेची आठवण करणे उचित ठरेल. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तेथील शाळेत भीमराव रामजी यांचे नाव दाखल झाले. ही शाळा पुढे प्रतापसिंह हायस्कूल या नावाने ओळखली जाऊ लागली. हा दिवस राज्यात २०१७ पासून विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. या शालेय दिवसांविषयी बाबासाहेबांनी पुढे आपल्या आठवणींत लिहिले आहे. बसण्यासाठी त्यांना घरून गोणपाट न्यावे लागे आणि ते इतरांपासून वेगळे अंथरावे लागे. तहान लागली तरी नळाला हात लावण्याची मुभा नव्हती. शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे आणि शिपाई नसेल त्या दिवशी तहानलेलेच राहावे लागे. त्या शाळेत गणित, भाषा आणि इतिहास हे विषय व्यवस्थित शिकविले जात असतील. परंतु नळापाशी जो विषय शिकविला जात होता, तो कोणत्याही वेळापत्रकात नव्हता. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या चवदार तळ्यावर जे घडले, त्याची एक मुळी या शाळेच्या नळापर्यंत पोहोचते, असे म्हणण्यास हरकत नसावी.

आज अस्पृश्यतेचे आचरण हा गुन्हा आहे आणि पाण्याच्या टाकीपाशी तसा उघड भेद करण्याचे धाडस सहसा कोणी करणार नाही. तथापि शाळेतील रोजच्या कामांची वाटणी डोळसपणे पाहिली तर विचार करण्याजोगे पुष्कळ आढळते. वर्ग झाडण्याचे काम कोणाकडे आहे? ते पाळीपाळीने सर्वांकडे जाते, की मुलींकडे अथवा ठरावीक वस्तीतील मुलांकडेच राहते? पाहुणे आले म्हणजे आरतीचे तबक घेऊन मुलीच का उभ्या राहतात आणि मंचावर सूत्रसंचालन मुलाकडेच का जाते? मध्यान्ह भोजनाच्या पंगतीत कोण कोणाशेजारी बसतो? सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ मधील आदेशानंतर शाळांतून शिजविलेले अन्न मिळू लागले. त्यामुळे मुलांची उपस्थिती व पोषण यांना मदत झाली हे तर खरेच. पण खिचडीच्या त्या पातेल्याने आणखीही एक काम केले. ज्या घरांनी पिढ्यान् पिढ्या एकमेकांकडे पाणी घेतले नाही, त्या घरांतील मुले एका ओळीत बसून एकाच हातचे जेवू लागली. समतेवरील पाठापेक्षा ही पंगत मोठी आहे. ती पंगतच राहावी, तिच्यात गट पडू नयेत, एवढे लक्ष मुख्याध्यापकांनी ठेवले तरी संविधानाच्या शिक्षणाचा मोठा भाग पार पडतो.

कायदा या बाबतीत निःसंदिग्ध आहे. २००२ च्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ वर्षे वयाच्या बालकांना शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला आणि त्यासाठीचा २००९ चा अधिनियम १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. या अधिनियमाची चर्चा होते ती बहुधा पंचवीस टक्के प्रवेशांपुरती. त्याचे कलम २९ फारसे कोणी वाचत नाही. अभ्यासक्रम संविधानातील मूल्यांशी सुसंगत असावा, बालक भय, आघात व चिंता यांपासून मुक्त व्हावे आणि त्याला आपले मत मोकळेपणाने मांडता यावे, असे हे कलम सांगते. भयमुक्ती ही शिक्षकाच्या मर्जीची बाब राहिलेली नाही; ती कायद्याची अपेक्षा आहे. त्याच अधिनियमाच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंना मनाई केली असून त्याचे उल्लंघन करणाऱ्यावर सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते.

छडीवाचून विद्या येत नाही ही समजूत आपल्याकडे इतकी खोल रुजलेली आहे की, पालकच गुरुजींना ‘हाडे आमची, कातडे तुमचे’ असे सांगून मूल हवाली करीत. त्यामुळे कलम १७ विषयी शिक्षकांत एक प्रकारची नाराजी आढळते. छडी काढून घेतली, आता शिस्त कशी राखावयाची, असा त्यांचा सवाल असतो. साठ मुलांच्या वर्गात उभे राहणाऱ्या शिक्षकाचा हा सवाल हसण्यावारी नेण्यासारखा नाही. परंतु छडीने वर्गात शांतता राहते ती छडी दिसते तोवर. शिवाय मार खाणाऱ्या मुलाबरोबर तो पाहणारी इतर मुलेही काही शिकत असतात : ज्याच्या हाती बळ आहे त्याला कारण सांगावे लागत नाही. लोकशाहीत सत्ताधाऱ्याला कारण सांगावे लागते. वर्गाचे नियम वर्षारंभी मुलांबरोबर बसून ठरविणे, ते भिंतीवर लावणे, नियम मोडणाऱ्याचे म्हणणे प्रथम ऐकून घेणे आणि मग निर्णय देणे, यास वेळ अधिक लागतो हे कबूल केले पाहिजे. मात्र आरोपीचे म्हणणे ऐकल्याशिवाय शिक्षा नको, हे न्यायाचे तत्त्व दहा वर्षांच्या मुलाला समजते. किंबहुना त्या वयातच ते उत्तम समजते, कारण अन्यायाची चीड त्या वयात ताजी असते.

अनेक जिल्हा परिषद शाळांतून शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक होते. उमेदवारी अर्ज, चिन्हे, प्रचार, मतपत्रिका, बोटाला शाई असा सारा थाट असतो. अलीकडे काही ठिकाणी मोबाईल फोनवरच मतदान यंत्राची प्रतिकृती केली जाते. मुलांना त्यात मोठी गंमत वाटते आणि मतदानाची प्रक्रिया त्यांना हाताळावयास मिळते. अडचण येते ती निकालानंतर. मुख्यमंत्री मुलगा होतो, स्वच्छतामंत्री मुलगी होते, आणि मंत्र्यांच्या वाट्याला झाडांना पाणी घालण्याखेरीज दुसरे काम उरत नाही. ज्याला काहीच ठरविता येत नाही असे मंत्रिमंडळ पाहून मुले निवडणूक म्हणजे एक दिवसाचा उत्सव, असा अर्थ काढतात. या मंत्रिमंडळाकडे खरोखर काही सोपवावे. खेळाचे साहित्य मोठ्या मुलांनीच अडवून ठेवू नये म्हणून मैदानाची वेळ कशी वाटावी, वाचनपेटीतील पुस्तके घरी नेण्याचे नियम काय असावेत, सहल कोठे न्यावी, हे प्रश्न लहान असले तरी मुलांच्या दृष्टीने अगदी खरे असतात. महिन्यातून एकदा प्रश्नोत्तराचा तास ठेवून इयत्ता पहिलीच्या मुलालाही क्रीडामंत्र्यास जाब विचारता आला, तर मतदानाच्या शाईपेक्षा तो अनुभव अधिक टिकेल. संयुक्त राष्ट्रसंघाने २० नोव्हेंबर १९८९ रोजी स्वीकारलेल्या आणि भारताने १९९२ मध्ये मान्य केलेल्या बालहक्क संहितेचे कलम १२ हेच सांगते : मुलाशी संबंधित बाबतीत मुलाचे मत विचारात घेतले पाहिजे.

मानवी हक्कांचा पाठ रुक्ष होतो, अशी तक्रार असते. तो होतो कारण आपण कलमांपासून आरंभ करतो. त्याऐवजी एका शब्दाची हकीकत सांगून पाहावी. १० डिसेंबर १९४८ रोजी मंजूर झालेल्या मानवी हक्कांच्या जागतिक घोषणापत्राच्या पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ असाही अर्थ होणारा इंग्रजी शब्द योजण्याचे घाटत होते. भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी त्यास हरकत घेतली आणि त्या जागी ‘सर्व मानव’ अशा अर्थाचे शब्द आले. या हंसाबाई आपल्या संविधान सभेच्याही सदस्य होत्या. ही गोष्ट सांगून झाल्यावर शाळेतील सूचनाफलक, नियमावली व पाठ्यपुस्तकातील चित्रे तपासण्याचे काम मुलांकडे द्यावे. स्वयंपाकघरात कोण आहे आणि कचेरीत कोण आहे, हे त्यांच्या लगेच ध्यानात येते.

येथे एका नाजूक मुद्द्याचा उल्लेख केला पाहिजे. केरळमधील तीन भावंडे राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, परंतु आपल्या धर्मश्रद्धेमुळे ती गात नसत. १९८५ मध्ये त्यांना शाळेतून काढण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि त्यांना शाळेत परत घेण्याचा आदेश दिला. मुलांनी कोणताही अनादर केलेला नव्हता आणि न गाण्याचे त्यांना स्वातंत्र्य होते, असा त्याचा आशय आहे. उद्देशिकेच्या वाचनाचा आग्रह धरणाऱ्या आपण सर्वांनी हा निकाल जवळ ठेवावा. स्वातंत्र्य हा शब्द एका सुरात म्हणवून घेत असताना वेगळ्या सुराच्या मुलाला कान धरून रांगेबाहेर काढले, तर त्या सकाळी उद्देशिका वाचली गेली असे म्हणता येणार नाही.

चांगले प्रयत्न झालेले नाहीत, असे नव्हे. बीड जिल्ह्यातील जिल्हा परिषद शाळांत २००९ मध्ये ‘मूल्यवर्धन’ हा उपक्रम सुरू झाला आणि पुढे शासनाच्या सहकार्याने तो राज्याच्या इतर जिल्ह्यांत गेला. मूल्यांवर व्याख्यान न देता मुलांना जोडीजोडीने व गटागटाने बोलावयास लावणे, दुसऱ्याचे बोलणे पुरते ऐकून घेण्यास लावणे, ही त्याची रीत. एरवी वर्गात वर्षभर तोंड न उघडणारे मूल शेजारच्या एका सोबत्याशी मात्र बोलते, हे प्रत्येक शिक्षकाने पाहिलेले असते. या साध्या निरीक्षणावर ही पद्धत उभी आहे. अर्थात ज्या शिक्षकाला स्वतःला वरिष्ठांच्या बैठकीत बोलण्याची मुभा नाही, ज्याच्यापुढे माहितीचे तक्ते आणि अहवाल यांचा ढीग आहे, त्याच्याकडून मोकळ्या संवादाची अपेक्षा करताना यंत्रणेनेही आपल्या वागण्याकडे पाहावे, हे ओघानेच आले.

पालकांचा वाटा कायद्याने ठरवून दिला आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्यात, असे अधिनियम सांगतो. आपल्या राज्यात या समितीवर विद्यार्थ्यांचे प्रतिनिधीही घेतले जातात. पुढच्या बैठकीच्या वेळी कोणाही सदस्याला हे पाहता येईल. बैठकीची सूचना त्या मुलांपर्यंत पोहोचली आहे काय? त्यांना बसावयास खुर्ची आहे, की ती चहाचे पेले फिरवीत आहेत? मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी नाही, असे त्यांच्यापैकी कोणी उठून सांगितले, तर ते इतिवृत्ताच्या वहीत तिच्या नावाने लिहिले जाते काय, आणि त्यापुढील बैठकीत कडी बसविल्याची नोंद त्याखाली आढळते काय?